अनवाणी हजर

शालन मगदूम यांच्या नावानं अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि ते पोलिसांच्या आधी त्यांच्या सुनेला कळलं. आंबेगिरी तालुक्यात पोलीस ज्याला शोधतात त्याचं नाव सकाळी पहिल्यांदा ईश्वरीच्याच पडद्यावर उमटायचं, कारण शोधणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं.

चहाचा कप हातात तसाच धरून तिनं ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. गाव पाटणहाळ. गुन्हा रस्ता अडवल्याचा. कारण, नेमल्या तारखेला न्यायालयात गैरहजर. इथवर निदान कळण्यासारखं होतं. खरी पंचाईत खालच्या ओळीत होती. ‘शेवटचं पाऊल’ या रकान्यात यंत्रानं गेल्या उन्हाळ्यातली तारीख दाखवली होती. म्हणजे यंत्राच्या मते शालन मगदूम ही बाई तेव्हापासून जमिनीवर चाललीच नव्हती.

आणि याच बाईनं आज सकाळी अंगण झाडून, म्हशीची धार काढून, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजारी म्हातारीला पेज पोचवून, वर सुनेच्या हातात डबा देताना दम भरला होता, “भाकरी परत आणलीस तर रातच्याला तीच खायची हं.”

ईश्वरीला आधी हसू आलं. मग तिनं कप खाली ठेवला.

त्या यंत्राला सगळे ‘तार’च म्हणत. इंटरनेटसाठी रस्त्याकडेला काचेची बारीक तार पुरलेली असते. तिच्यातून लेसरचा प्रकाश धावत असतो. वरची माती जराशी हलली तरी तार तिथं किंचित ताणली जाते, आणि प्रकाशाचा जो अंश माघारी फिरतो तो बदलून येतो. तो किती वेळात परतला यावरून कुठं हललं हे समजतं आणि कसा बदलला यावरून काय हललं ते. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांना ही युक्ती आधीपासून ठाऊक होती. पुढं कुणाच्या तरी ध्यानात आलं की माणसाचं पाऊल हासुद्धा एक इवलासा भूकंपच आहे, आणि प्रत्येकाचा भूकंप वेगळा. कुणी टाच आपटतो, कुणी डावा पाय ओढतो, कुणी घाईत असल्यासारखा पुढे झुकून चालतो. दाढी वाढवता येते, नाव बदलता येतं, पण जन्मभराची चाल सहजासहजी बदलत नाही. मग सरकारनं गावोगाव शिबिरं भरवून लोकांना पट्टीवरून चालवलं, प्रत्येकाच्या चालीची नोंद केली आणि पुरलेल्या तारांना कान आले.

ईश्वरीला या कामाचा अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता. जत्रेत हरवलेली पोरं तारेनं घटकाभरात आईच्या कडेवर परत दिली होती. घर विसरून घाटाच्या दिशेनं निघालेल्या एका मास्तरांना तिनं स्वतः शोधून आणवलं होतं. दरडी हलायला लागल्या की तार आधी सांगायची. राहता राहिली वॉरंटं. ती पूर्वी पोलीस ठाण्याच्या कपाटात वर्षानुवर्षं धूळ खात पडायची. आता वॉरंट निघालं की तासाभरात माणूस सापडायचा. कोर्टाचंही काम सोपं झालं होतं. आवारात पाऊल टाकलं की हजेरी आपोआप लागायची आणि बोर्डावर नाव चमकलं की आत जायचं. पट्टेवाल्यानं व्हरांड्यात घसा फोडायची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शालनबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. या भागात सासूला आत्या म्हणतात, तशी ईश्वरीही म्हणायची.

“आत्या, तुमच्या नावानं वॉरंट निघालंय.”

“कशापायी?”

“तुम्ही गेल्या तारखेला कोर्टात गेला नाहीत म्हणून.”

शालनबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. “मी गेल्तो की!” कोल्हापूरकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘गेलो-आलो’च म्हणतात, त्यातल्या त्या. “सकाळच्या यष्टीनं गेल्तो. दिवसभर त्या बाकड्यावर बसून कंबर धरली माझी. खिडकीतल्या साहेबाला इचारलं तर म्हणतोय, आजी, नाव बोर्डावर आलं की आत जा. बोर्डावर सगळ्या जगाची नावं आली, माझंच आलं न्हाई. सांजच्याला दार लावून घेतलं त्यांनी. म्हटलं, पुढची तारीख पडली आसंल.”

ईश्वरीची नजर सासूच्या पायांकडे गेली आणि तिथंच थांबली. टाचा भेगाळलेल्या, तळवे वहाणेच्या तळासारखे घट्ट झालेले. ते पाय ती रोज बघत होती. आज पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे इंजिनियरच्या नजरेनं पाहिलं.

त्या पायांची गोष्ट सांगायला हवी. पाटणहाळला सरकारी दवाखाना आहे. इमारत आहे, पाटी आहे, खाट आहे, डॉक्टर मुक्कामाला असण्याचा आदेश आहे. फक्त डॉक्टर नाही. काही वर्षांपूर्वी ईश्वरीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. जीपनं तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. ईश्वरी वाचली, बाळ वाचलं नाही. त्यानंतर शालनबाईंनी गावातल्या बाया गोळा करून राज्य महामार्गावर ठिय्या मारला. ईश्वरी तेव्हा माहेरी अंथरुणाला खिळलेली होती. या विषयावर सासूसुना कधी बोलल्या नाहीत. गाव दवाखान्यासाठी भांडतंय, एवढंच ईश्वरी धरून चालली होती, आणि त्यापलीकडे विचारायची तिला भीती वाटायची.

बाकीच्या बायांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि त्या मोकळ्या झाल्या. शालनबाई अडून बसल्या. तारखांवर तारखा झाल्या. गेल्या उन्हाळ्यात एका तारखेनंतर बाहेर पडताना त्यांनी कोर्टाच्या पायरीवरच चपला सोडल्या आणि चारचौघांत सांगितलं, दवाखान्यात डॉक्टर राहायला येईपर्यंत पायात काही घालणार नाही. पुढारी मंडळी असले पण करतात आणि गाडीतून उतरत नाहीत. शालनबाईंनी मात्र तापलेल्या डांबरावरून, उसाच्या खोडव्यातून आणि चिखलातून तो पण पाळला. त्यानंतर पडलेली पहिली तारीख म्हणजे हीच, चुकलेली.

“आत्या, तार तुम्हाला ओळखत नाही,” ईश्वरी म्हणाली. “चप्पल घालून माणूस टाच आपटत चालतो. अनवाणी चालायला लागला की पाऊल सपाट पडतं, अलगद पडतं. तुमची नोंद चपलेतली आहे. यंत्राला वाटलं ही बाई आलीच नाही.”

“मग यंत्राला सांग की.”

“सोपा उपाय आहे. उद्या तासाभरापुरती चप्पल घाला. आवारात शिरलात की नाव लागेल. मग अर्ज करू, वॉरंट रद्द होईल.”

शालनबाई सुनेकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. लहान पोर काहीतरी खुळ्यासारखं बोललं की बघतात तसं बघत होत्या. “डाक्टर आला व्हय गं?” एवढंच त्यांनी विचारलं आणि सूप पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी दोघी वकील गुरबे यांच्याकडे गेल्या. गुरबे वकील भला माणूस. शालनबाईंची केस ते फुकट चालवत, पण त्या तारखेला ते दुसऱ्या तालुक्यात होते आणि नंतर बोर्डावर ‘गैरहजर’ वाचून त्यांनी खुशाल मान्य करून टाकलं होतं.

“काही काळजी करू नका,” ते म्हणाले. “रोजचंच आहे हे. ताप आला होता असा अर्ज द्यायचा. सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. जज मॅडम चार शब्द सुनावतील, किरकोळ दंड करतील, वॉरंट रद्द. माझे निम्मे अशील तारखेच्या दिवशीच आजारी पडतात.”

“कुठल्या डाक्टरचं सर्टिफिकेट?” शालनबाईंनी विचारलं.

“कुठल्याही. तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्याचं मिळालं तर उत्तमच.”

वकिलांना आपण काय बोललो ते वाक्य संपायच्या आत कळलं. त्यांनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

“वकीलसाहेब, मला ताप आला न्हवता,” शालनबाई म्हणाल्या. “मी तिथं हुतो. तुमी म्हणताय मी न्हवतो म्हणून सही कर.”

“अहो, नुसता कागद असतो तो!”

“व्हय. कागदच वंगाळ आसतोय.”

बाहेर पडताना पायरीवर हवालदार तुपारे भेटले. वॉरंट बजावायचं काम त्यांचंच. गेली काही वर्षं ते खुर्चीत बसून पडदा सांगेल तिथं गाडी पाठवत, त्यामुळं पोट सुटलं होतं. शालनबाईंना ते चांगले ओळखत होते. तालुक्यात त्यांना न ओळखणारं होतं तरी कोण!

“मावशी, मी तुमास्नी बघितलेलं न्हाई,” ते आभाळाकडे बघत म्हणाले. “तारेला तुमी दिसत न्हाई, मग मला तरी कशा दिसाल? घरला जावा आणि निवांत ऱ्हावा. धा वर्सं कोण शोधत येत न्हाई.”

“अगं बाई,” शालनबाई सुनेकडे वळल्या, “सगळी मिळून मला चोर करायला निघाल्यात. तुपारे, वॉरंट तुमच्या खिशात हाय न्हवं? मी सोमवारी ठाण्यात येतो. मला रीतसर धरा आणि जज्जबाईंच्या म्होरं उभी करा.”

तुपाऱ्यांनी आभाळातून नजर खाली घेतली. त्यांच्या सबंध नोकरीत वॉरंटातल्या माणसानं त्यांना हुकूम सोडायची ही पहिलीच वेळ असावी. “बरं मावशी,” ते म्हणाले.

ईश्वरी नियंत्रण कक्षात परतली आणि तिनं त्या दिवसाची कोर्टाच्या आवारातली कच्ची कंपनं मागवली. यंत्र रोजच्या कामात ही कंपनं दाखवत नाही, फक्त निकाल दाखवतं. ओळखीच्या पावलांची नावं तिनं एकेक करून पुसत नेली. वकील गेले, कारकून गेले, पक्षकार गेले. शेवटी पडद्यावर एकच फिकट रेघ उरली. सकाळी फाटकातून आत आलेली. बाकापर्यंत गेलेली. मग खिडकीपाशी, परत बाकाकडे. नळावर. पुन्हा खिडकीपाशी. सगळे जेवायला गेले तेव्हाही ती आवारातच होती. दुपार कलली, बाकीची पावलं कंटाळून निघून गेली, तरी ती रेघ दर थोड्या वेळानं उठून खिडकीकडे जात होती. ईश्वरीला त्या रेघेत आत्यांचा पदर खोचण्याचा झटका दिसला, खिडकीतल्या माणसाशी अदबीनं बोलणं ऐकू आलं. या बाईचा तिला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग तिनं रेघेवर बोट ठेवलं. यंत्रानं तिला काय नाव दिलंय ते बघावं म्हणून. नाव आलं: ‘इतर. भटकं जनावर.’

तिनं हात झटकन मागं घेतला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. माणसाचं पाऊल कसं असतं हे यंत्राला शिकवलं गेलं ते सगळं बूट-चपलांतून. शिबिरातली पट्टी लोखंडी, ती तापायची, म्हणून तार चालवणाऱ्या ईश्वरीच्या कंपनीचा हुकूम होता की कुणाला अनवाणी चालवू नका. आणि आताशा रस्त्यावर अनवाणी फिरतं कोण, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. बुटाच्या ठोक्याशी न जुळणारं जे जे मऊ पाऊल असेल ते ते यंत्र कुत्र्या-शेळ्यांच्या रकान्यात टाकत होतं. पाय दोन आहेत की चार, एवढं बारीक बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं वरिष्ठांना फोन लावला. रणदिवे साहेब हुशार माणूस, ईश्वरीला हाताला धरून वर आणणारा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“चूक आहे. दुरुस्त करू,” ते म्हणाले. “पण आत्ता नाही. पुढच्या पंधरवड्यात आपल्या कंपनीचा सरकारशी सगळ्या राज्याचा करार व्हायचाय. त्यात तुझंही नाव आहे, विभागाची प्रमुख म्हणून. आज तू कोर्टात उभी राहून ‘तार चुकते’ म्हणालीस तर उद्या प्रत्येक वॉरंटवाला बूट काढून तेच म्हणेल. एका केससाठी?”

“एकच केस आहे हे कुठं माहितीये साहेब?”

“म्हणूनच म्हणतो, खोदू नकोस. सासूबाईंना ताप आला होता असं लिहून दे आणि मोकळी हो. नोकरीत तुझी ही उमेदीची वर्षं आहेत ईश्वरी.”

त्यांचं बोलणं मूर्खपणाचं नव्हतं, हीच अडचण होती. तार हजारोंच्या उपयोगी पडत होती. करार मोडला तर दरडीखालची गावं पुन्हा देवाच्या हवाल्यावर. ईश्वरीनं दोन दिवस तोंड मिटून काढले. घरी आत्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की तू काय करणार. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या फक्त वेळेवर डबा देत राहिल्या.

सोमवारी शालनबाई इस्त्रीचं लुगडं नेसून ठाण्यात हजर झाल्या. तुपाऱ्यांनी त्यांना रीतसर अटक केली, म्हणजे चहा पाजला आणि कोर्टात घेऊन आले. फाटकातून दोघं आत शिरले. बोर्डावर तुपाऱ्यांचं नाव लागलं. शालनबाईंचं लागलं नाही.

न्यायाधीश तहसीन काझी तालुक्यात नव्यानंच आल्या होत्या. वेळेच्या पक्क्या, बोलायला मोजक्या. तुपाऱ्यांनी आरोपीला समोर उभं केलं.

“मागच्या तारखेला का आला नाहीत?” काझी मॅडमनी विचारलं.

“आलो हुतो.”

“नोंदीत तुम्ही नाहीत. आजारी होतात का?”

गुरबे वकील अर्धवट उठले. त्यांच्या फायलीत तापाचा अर्ज तयार होता. फक्त शालनबाईंचा होकार हवा होता. नाहीतर वॉरंट कायम आणि कोठडी. त्यांनी डोळ्यांनी विनवणी केली.

“न्हाई बाईसाहेब. ठणठणीत हुतो. त्या बाकड्यावर बसलो हुतो.”

“यंत्र खोटं बोलतंय असं म्हणायचंय तुम्हाला? मग मला तुम्हाला कोठडीत पाठवावं लागेल.”

“पाठवा. पर मी न्हवतो असं म्हणणार न्हाई.”

ईश्वरी मागच्या रांगेत बसली होती. फोन तिनं बंद केला होता. कोठडी हा शब्द आत्यांनी इतक्या सहज झेलला की तिला स्वतःच्या त्या दोन दिवसांची लाज वाटली. ती उठून उभी राहिली. “मॅडम, मी बोलू का? तालुक्याची तार मी सांभाळते. या माझ्या सासूबाई आहेत, पण मी यंत्राबद्दल बोलणार आहे.”

तिनं सांगितलं. टाच, तळवा, ठोका, लोखंडी पट्टी, सगळं. वकिलांच्या टेबलाकडून कुणीतरी हसलं. काझी मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही घरच्या आहात. तुमच्या शब्दावर मी आदेश कसा देऊ?”

“नका देऊ मॅडम. कुणालाही चालवून बघा.”

मॅडम उठल्या. सगळं कोर्ट खडबडून उभं राहिलं. त्या व्हरांड्यातून फाटकाबाहेर गेल्या, तिथं सँडल काढून तुपाऱ्यांच्या हातात दिल्या आणि काळा गाऊन सावरत, तापलेल्या फरशीवरून चटके सोसत परत आत आल्या. सबंध आवार श्वास रोखून बघत होतं. त्या येऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोर्ड लुकलुकला आणि त्यावर मोठी अक्षरं आली: ‘न्यायाधीश उपलब्ध नाहीत. आजच्या सर्व प्रकरणांना पुढील तारीख.’

व्हरांड्यातून पक्षकारांचा एकच आरडाओरडा उठला. पुढच्या तारखेची सगळ्यांनीच हाय खाल्लेली. तुपारे दोन्ही हातांत सँडल धरून पोट हलवत हसत होते. काझी मॅडमही हसल्या, पण ईश्वरीचा चेहरा बघून थांबल्या.

“मी उपलब्ध नाही हे कळलं. मग आत आलं कोण? यंत्राच्या मते?”

ईश्वरीनं हातातला टॅब छातीशी धरला. “मॅडम, ते वाचण्यासारखं नाही.”

“द्या इकडं.”

मॅडमनी वाचलं. मग सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा वाचलं, “इतर. भटकं जनावर.” आता कुणी हसलं नाही. “या बाईंनाही हेच नाव दिलं होतं?”

“हो मॅडम.”

“असे आणखी किती जण आहेत तालुक्यात?”

“माहीत नाही. शोधावं लागेल. मेंढपाळ असतील, नवरात्रात अनवाणी राहणारे असतील, ज्यांच्याकडे चप्पलच नाही ते असतील.”

“मग शोधा. तोवर तारेच्या हजेरीवर निघालेलं एकही वॉरंट बजावायचं नाही. पट्टेवाल्यांना सांगा, उद्यापासून नावं पुकारायची.” मग त्या शालनबाईंकडे वळल्या. आवाजातली धार गेली होती. “बाई, एक विचारू? तुमच्या वकिलांच्या हातात अर्ज दिसतोय मला. ताप आला होता म्हणाला असतात तर पाच मिनिटांत घरी गेला असतात. इतका हट्ट कशासाठी?”

शालनबाईंनी पदर नीट घेतला. सुनेकडे बघायचं त्यांनी टाळलं.

“बाईसाहेब, माझी ही सून दवाखान्याच्या दारात कळा देत हुती. दाराला कुलूप. तिचं बाळ गेलं. माझं नातवंड गेलं. मी नंतर जाऊन हजेरी बघितली. त्या दिवशी डाक्टर हजर म्हणून लिवलेलं हुतं. सही हुती. त्यो तालुक्याला सोताच्या दवाखान्यात बसला हुता आणि कागदावर आमच्या गावात हजर हुता. त्याच्यापायी मी रस्त्यावर बसलो. दवाखान्यापायी न्हवं, त्या एका शब्दापायी.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “आता मी हजर आसून गैरहजर म्हणून सही केली आसती, तर त्याच्यात न् माझ्यात काय फरक ऱ्हायला?”

ईश्वरी भिंतीला टेकली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या दुपारचं दुःख या घरात तिच्या एकटीचं आहे. ही बाई ते दुःख तारखेतारखेला कोर्टात नेऊन उभं करत होती, आणि घरी फक्त डबा हातात देत होती. ती पुढे गेली आणि भर कोर्टात सासूच्या कमरेला मिठी मारून लहान मुलीसारखी रडली. काझी मॅडमनी खिडकीबाहेर बघण्याचं निमित्त केलं.

“आगं, कोरट हाय ह्ये,” शालनबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. “जज्जबाई काय म्हणतील?”

जज्जबाईंनी लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. वॉरंट रद्द. आरोपी आज हजर. मागील तारखेसही हजर होती, तशी नोंद दुरुस्त करण्यात यावी.

“ते जरा वाचून दावा,” शालनबाई म्हणाल्या.

लेखनिकानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. त्यानं मोठ्यानं वाचलं. शालनबाईंनी डोळे मिटून शब्द न् शब्द ऐकला.

“मूळ खटला अजून उभाच आहे,” काझी मॅडम म्हणाल्या. “रस्ता अडवल्याचा. त्यात त्या डॉक्टरची हजेरी मागवून घ्यावी लागेल असं दिसतंय. पुढची तारीख कुठली सोयीची पडेल तुम्हाला?”

“कुठलीबी द्या बाईसाहेब,” शालनबाई म्हणाल्या. “मी येणार हाय.”